सात बदलू नये

नवी प्रोग्रामिंग भाषा बाजारात आली की पहिल्या पानावर ती सी भाषेची उणीदुणी काढते. सीमध्ये मेमरी सांडते, पॉइंटर भलतीकडे जातो, अ‍ॅरे किती लांब आहे हे तिचं तिलाच आठवत नाही आणि एवढ्याशा फटीतून बाहेरचा माणूस आत शिरतो. आरोप सगळे खरे आहेत. मात्र त्याच भाषेच्या मार्गदर्शिकेत पार मागे, नवखा वाचक सहसा पोचत नाही अशा जागी एक प्रकरण असतं: सीमधली लायब्ररी आपल्या प्रोग्राममधून कशी वापरावी.

डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये सी घडवली ती १९७२ च्या सुमारास. त्यानंतर १९९१ साली पायथन आली, २००९ साली गो आली, २०१५ साली रस्टची पहिली पक्की आवृत्ती निघाली. नवी म्हणून या पोरींचा गाजावाजा झाला आणि प्रत्येकीने सीशी बोलायची सोय मात्र पहिल्यांदा करून घेतली. पायथनची तर गोष्टच वेगळी; रोज वापरली जाते ती पायथन स्वतःच सीमध्ये लिहिलेली आहे. कारण उघड आहे, निम्मी कामं सीने आधीच उरकून ठेवलीत. फाइल दाबून लहान करायची तर १९९५ पासून झेडलिब आहे. इंटरनेटवरून काही ओढायचं तर कर्ल आहे. माहिती साठवायची तर एसक्यूलाइट आहे. रिचर्ड हिप यांनी ती अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेवरच्या एका कामाच्या निमित्ताने २००० साली लिहिली आणि आज ती तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. २०५० पर्यंत आपण ती सांभाळू, असं तिच्या कर्त्यांनी जाहीर केलंय. २०५० पर्यंतचा शब्द गोव्यातल्या आमच्या तुये गावात मला अजून कोणी दिलेला नाही, आणि आम्ही तर गावात येणार म्हटलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीची वाट पाहून तयार झालेली माणसं.

तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर याच घडीला अशी एक लायब्ररी तुमच्या सेवेला उभी आहे. तिचं नाव हार्फबझ. 'डिचोली' शब्द संगणकात साठवताना आधी ड येतो आणि मग त्याची वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ती उचलून ड च्या डाव्या अंगाला नेऊन ठेवायची, 'मांद्रे'तला र द च्या पायाशी बांधायचा, 'विर्नोडा'तला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, हा सगळा उद्योग तिचा. ती आतून सी++ मध्ये लिहिलेली आहे, पण दारात येते ती सीचाच पोशाख करून. सी++ चा कंपायलर फंक्शनांच्या नावांना अशा शेपट्या जोडतो की जन्मदात्यालाही नाव ओळखू येऊ नये, म्हणून परक्याशी बोलताना सगळे सीच बोलतात.

आम्हा गोवेकरांना यात नवल वाटू नये. पोर्तुगालने १८६७ साली नागरी संहिता केली, ती १८७० मध्ये गोव्याला लागू झाली. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, संहिता राहिली. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून ती राहू दिली. खुद्द पोर्तुगालने १९६६ साली नवी आवृत्ती काढून जुनी मोडीत काढली. म्हणजे मूळ कर्त्याने सोडून दिलेला कोड आपण चालवतो, आणि तो चालतो. मूळ मजकूर पोर्तुगीज, वकील इंग्रजीत युक्तिवाद करणार, पक्षकार कोकणीत भांडणार आणि निकाल काय लागला ते दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात वाचणार. हा कायदा आता भारतीयच समजायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलं. वारसाहक्काचा भाग मधल्या काळात विधानसभेने नव्याने लिहून काढला. रस्टवाले नेमकं हेच करतात: सगळं एकदम पाडायचं नाही, एकेक खोली नवी बांधायची आणि तोवर जुन्या घरात जेवायचं.

आता आमच्या वाड्यावरच्या वहीकडे वळतो.

उत्सव समितीच्या देणग्यांच्या पावत्या फार वर्षांपासून संगणकावर ठेवल्या जातात. कार्यक्रम लिहिला होता खजिनदारांच्या मेव्हण्याने, सीमध्ये. तो त्या पिढीतला, ज्या पिढीने नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' उशाशी ठेवलं आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यासमोर रात्री काढल्या. पुढे तो कुवेतला गेला. त्याचा संगणक एका पावसाळ्यात गेला, आणि संगणकाबरोबर मूळ कोडही. मागे उरल्या दोन फाइली: वही.डीएलएल आणि वही.एच. पहिली म्हणजे तयार लायब्ररी; तिच्यात काय आहे ते कोणाला वाचता येत नाही. दुसरीत पाच फंक्शनांची नावं आणि रोमन लिपीतल्या मराठीत दोन टिपा. 'वही_उघड' या फंक्शनला फाइलचं नाव आणि एक आकडा द्यावा लागतो. त्यासमोरची टीप: 'सात द्यावा. सात बदलू नये.' आणि अगदी खाली, सगळ्या फाइलीलाच उद्देशून: 'हात लावू नये.'

इतक्या वर्षांच्या देणग्या ज्या फाइलीत आहेत ती फक्त हीच लायब्ररी उघडू शकते. सी लायब्ररी वापरण्याचं पुस्तकी कारण वेग. खरं कारण बहुतेक ठिकाणी हेच असतं.

माझा भाचा बंगळुरूच्या कंपनीचं काम तुयेत घरी बसून करतो. तो रस्टचा भक्त आहे. भक्त हा शब्द मी मोजून वापरतो. वैष्णवाला एक वेळ 'मला शंकर आवडतो' म्हटलेलं परवडेल, पण रस्टवाल्याला 'मला सी आवडते' असं सांगून पाहू नये. समितीने नव्या छापील पावत्यांचा विषय काढला आणि या पठ्ठ्याने तो अंगावर घेतला. वरचा सगळा कार्यक्रम रस्टमध्ये, छपाईला हार्फबझ, आणि जुन्या नोंदींसाठी वही.डीएलएल.

पहिल्या दिवशी वही उघडलीच नाही. चूक क्रमांक १९३. विंडोजचा हा संदेश प्रसिद्ध आहे: '%१ हे वैध विन-३२ अ‍ॅप्लिकेशन नाही.' %१ च्या जागी फाइलीचं नाव यायला हवं, ते बऱ्याचदा येत नाही. म्हणजे ठपका ठेवला, पण कोणावर ते सांगितलं नाही. समितीच्या सर्वसाधारण सभेत होतं तसं. कारण साधं होतं. डीएलएल ३२ बिटांची आणि भाच्याचा कार्यक्रम ६४ बिटांचा. दोघांना एका घरात राहता येत नाही. भाच्याने नाइलाजाने आपला नवाकोरा कार्यक्रम ३२ बिटांवर उतरवला. त्या संध्याकाळी तो फारसा बोलला नाही.

मग वही उघडली आणि पहिली चाचणी पावती बाहेर आली. देणगी ५०१ रुपयांची होती. पावतीवर नावाच्या जागी दोन अगम्य चिन्हं, गावाची जागा कोरी, रक्कम शून्य. खजिनदार चष्मा वर करून म्हणाले, "पयलीं सगळें चलतालें न्हय रे?"

चाळीस बाइट नावाला, वीस गावाला, चार रकमेला, अशी चौसष्ट बाइटांची पावती मेव्हण्याने आखली होती. सी तोच क्रम पाळते, घरमालकाने सांगितलं तसं सामान लावते. रस्ट मात्र स्वतःच्या सोयीने सामान हलवते. तिने आकडा उचलून पुढे बसवला आणि नाव-गाव मागे सरकवलं. लायब्ररीने नाव वाचायला घेतलं तर तिथे ५०१ बसलेले. तेवढ्याचीच तिने दोन अक्षरं केली. यावर उपाय एका ओळीचा आहे: रचनेच्या डोक्यावर 'सीसारखी मांडणी ठेव' असं लिहायचं. सीला नावं ठेवणाऱ्या भाषेत ही ओळ शब्दशः आहे आणि तिच्यावाचून बाहेर पाऊल टाकता येत नाही.

रस्टचं तरी बरं. गो भाषेत सीचा कोड टिपणीत लिहावा लागतो. टिपणी म्हणजे काय, तर जी कंपायलर वाचत नाही असं आम्हाला मास्तरांनी शिकवलं ती जागा. गो वाचते. आणि ती टिपणी आणि खालची 'इम्पोर्ट सी' ही ओळ यांच्यामध्ये एक रिकामी ओळ सुटली की मग मात्र ती वाचत नाही, सगळं ठप्प. रिकाम्या ओळीवरून भांडणारी भाषा मी दुसरी पाहिली नाही. पायथनमध्ये सीशी बोलायला सी-टाइप्स आहे, तिची तऱ्हा आणखी निराळी. सीकडून काय परत येणार हे तुम्ही सांगितलं नाहीत तर ती साधा इंट येणार असं धरते, आणि आलेला ६४ बिटांचा पत्ता ३२ बिटांवर कापते. तुयेत अर्ध्या पत्त्यावरही पोस्टमन घरी येतो, वर पाणी पिऊन जातो. मेमरीत तसं होत नाही.

मांडणी जमली आणि पावत्या नीट येऊ लागल्या. तुये आलं, पेडणे आलं, हरमल, कोरगाव, पार्से आलं. मग मांद्र्याचा एक देणगीदार आला आणि कार्यक्रम अडला. पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली. मतलब असा की अठरा बाइटांनंतरचं अक्षर अपुरं आहे. भाच्याने 'असेल तसं छाप' असा हुकूम केला तेव्हा छापून आलं 'मांद्र' आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. आगरवाडा 'आगरवाड' झालं. विर्नोडा तर नुसतं 'विर्नो' उरलं.

हा हिशेब बघण्यासारखा आहे. 'तुये' म्हणजे त, उकार, य, मात्रा, असे चार तुकडे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक तुकडा तीन बाइट खातो, म्हणजे बारा. सीला लांबी विचारा, ती बारा सांगते, वर शेवट कळावा म्हणून शून्याचा एक बाइट वेगळा ठेवायला लावते. रस्टही बाराच सांगते. पायथन चार सांगते. स्विफ्ट डोळ्यांना दिसतात तशी अक्षरं मोजते आणि दोन सांगते. चौघीही बरोबर आहेत, आणि चौघींना एका पंगतीला बसवलं की गावाचं नाव कापलं जातं. 'मांद्रे'त म, काना, अनुस्वार, द, हलन्त, र, मात्रा असे सात तुकडे, एकवीस बाइट. मेव्हण्याने गावाला दिलेले वीस, त्यातला एक शून्याचा. उरले एकोणीस. सहा तुकडे पूर्ण बसले, सातवा दारात अडकला.

समितीत लगेच निघालं की मेव्हण्याने कंजूषपणा केला. हे मला पटत नाही. त्याच्या काळी मराठी श्रीलिपीसारख्या फॉन्टांतून चालत असे. तिथे एका आकृतीला एक बाइट पुरायचा, आणि वीस बाइटांत अख्खं विर्नोडा पाय पसरून झोपायचं. अक्षरांचं वजन नंतर तिप्पट झालं, त्याला तो काय करणार? दोष द्यायचाच तर मी भाच्याला देईन. त्याने निदान अक्षराच्या मधोमध कापायला नको होतं.

पण खरी धमाल उत्सवाच्या तोंडावर झाली. सगळ्या पावत्या एका दमात छापायच्या ठरल्या. प्रिंटर धो धो वाहू लागला, चारशे पावत्या बाहेर पडल्या, आणि चारशेही एकाच माणसाच्या नावे. यादीत शेवटी असलेला धारगळचा एक टेम्पोवाला, देणगी ५१ रुपये. पूर्ण उत्सव त्या गृहस्थाने एकट्याने केला होता, तोही चारशे हप्त्यांत. बेरीज आली २०,४००. खजिनदारांनी खुर्ची धरली. पावतीकडे श्रद्धेने पाहणाऱ्या समितीतल्या एका सदस्याने टेम्पोवाल्याला पुढच्या वर्षी यजमान करावं असं सुचवलंदेखील.

झालं असं की 'वही_पान' हे फंक्शन नोंद देत नाही, नोंदीचा पत्ता देतं. आणि मेव्हण्याने आत जागा एकच ठेवलेली. दर वेळी नवं पान तो त्याच जागेवर लिहितो. यात त्याचं काही चुकलं नाही. सीच्या स्वतःच्या लायब्ररीत वेळ सांगणारं 'लोकलटाइम' असंच वागत आलंय. भाच्याने चारशे पत्ते गोळा केले आणि मग सावकाश एकेकाच्या दारात गेला. चारशेही पत्ते एकाच घराचे, आणि घरात शेवटी येऊन बसलेला तो टेम्पोवाला.

रस्ट असल्या गोष्टी पकडते म्हणूनच तिचा बोलबाला. पण सीला हाक मारायची तर ती ओळ 'अनसेफ' असं लिहिलेल्या कुंपणात ठेवावी लागते, आणि कुंपणाच्या आत रस्ट तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते. हा पत्ता कायमचा आहे, असा शब्द भाच्याने दिला होता. पत्ता कायमचाच होता. राहणारे बदलत होते. कुंपणाकडे मी नुसतं वाकून बघत होतो तर भाचा म्हणाला, "मामा, हांगा हात लावूं नाका." म्हणजे वही.एच मधलीच टीप, वीसेक वर्षांनी, नव्या भाषेत.

शेवटचा तिढा अक्षरी रकमेचा. 'वही_अक्षरी'ला ५०१ दिले की ती 'पाचशे एक फक्त' असं लिहून देते, आणि या खेपेला खरोखर नवी जागा मागून तिथे लिहिते. काम झाल्यावर ही जागा कोणी मोकळी करायची? चतुर्थीला शेजारणीकडून नेवऱ्यांचा डबा आला तर नेवऱ्या आपण खायच्या, डबा मात्र तिचा तिला द्यायचा. भंगारवाल्याला घालायचा नाही. भाच्याने घातला. जागा मेव्हण्याच्या लायब्ररीने तिच्या गोदामातून घेतलेली आणि मोकळी केली रस्टच्या गोदामात. विंडोजने कार्यक्रम जागच्या जागी आडवा केला. मग भाचा डबा परत द्यायला गेला तर शेजारणीच्या घराला दारच नाही: वही.एच मध्ये मोकळं करायचं फंक्शनच नव्हतं. पाचांतलं एकही नाही.

म्हणजे दर पावतीमागे पन्नासेक बाइट सांडत राहणार. चारशे पावत्यांचे वीस हजार बाइट. समितीच्या संगणकात आठ जीबी मेमरी असली तरी ३२ बिटांच्या कार्यक्रमाच्या वाट्याला दोनच जीबी येते; पण तेवढ्यातही असले उत्सव लाखभर करता येतील. मी हे भाच्याला समजावलं. त्याला पटलं, पण झोप लागेना. रस्टवाल्याला गळकी मेमरी म्हणजे घरात थेंब थेंब गळणारा नळ, आवाज त्यालाच येतो.

अखेर कुवेतला फोन लावला. मेव्हणा तिथे एका गोदामाचा मॅनेजर आहे, सीचा आणि त्याचा संबंध सुटून जमाना झाला. वहीचं नाव ऐकताच त्याने विचारलं, "अजून चलता तें?" आवाजात अभिमान की धसका, ते फोनवर कळेना.

भाच्याने अदबीने पहिला प्रश्न केला, की 'वही_अक्षरी'ने घेतलेली जागा मोकळी कुठे करायची. पलीकडे थोडी शांतता. मग उत्तर आलं, "प्रोग्राम बंद केलो की सगळें मेकळें जाता न्हय?" वाद घालण्याजोगं यात काहीच नव्हतं. प्रोग्राम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम सगळी मेमरी परत घेते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. तो रोज रात्री संगणक बंद करून घरी जायचा. गळतीचा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही. भाच्याने डोळे मिटून घेतले.

दुसरा प्रश्न सातचा. हा आकडा काय करतो? सहा दिला तर काय होईल, आठ दिला तर काय? दरम्यान भाच्याने त्यासाठी रस्टमध्ये खास प्रकार केला होता, ज्याला एकच किंमत असू शकते, सात. त्यावर टिपण लिहायला त्याला कारण हवं होतं.

मेव्हणा हसला. तो आकडा त्याचाही नव्हता. म्हापशाला क्लासमध्ये त्याला फाइल वाचायचा एक तयार तुकडा मिळाला होता, तो त्याने जसाच्या तसा वहीत घातला. त्यात सात होता. सहा देऊन पाहिला तर कार्यक्रम पडला, आठ देऊन पाहिला तर पहिल्या नोंदीचं नाव शेवटच्या नोंदीला आलं. मग त्याने पुन्हा सात लिहिला, खाली टीप टाकली आणि जेवायला गेला.

भाच्याने आभार मानले आणि नवा रस्टमधला कार्यक्रम पाठवून देऊ का म्हणून विचारलं. कुवेतलाही आपली माणसं गणपतीची वर्गणी काढतात, पावत्या लागतातच.

"नवें नाका रे," पलीकडून आवाज आला. "म्हजेकडली कॉपी गेली. तें जुनें डीएलएल तेवढें धाड. आनी सात घालपाक विसरूं नाका."